हरवलेल्या तासांचा हिशेब: नॉर्थ पेनाइन्समधील पीटभूमीच्या कार्बन-मापनाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

उत्तर इंग्लंडमध्ये ऑल्स्टन गावाच्या दक्षिणेला, टीस आणि साउथ टाइन या नद्या जिथे उगम पावतात त्या उंच माळावर, आमच्या प्रकल्पाची दोन लहान पाणलोट क्षेत्रे शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींवर पीटचा, म्हणजे पाण्यात बुडाल्यामुळे पुरते न कुजलेल्या वनस्पतींचा, जाड थर आहे आणि दोन्हींमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत सरकारी अनुदानातून खणलेले चर आहेत. माळ सुकला की मेंढ्यांना चांगली चराई मिळेल, अशी त्या वेळची अपेक्षा होती. चराई फारशी सुधारली नाही. थर मात्र सुकू लागला, आणि सुकलेला थर कुजला की त्यातील कार्बन हवेत जातो. या हिवाळ्यात एका पाणलोटातील चर बांधबंदिस्ती करून अडवले जातील आणि दुसरे पाणलोट तुलनेसाठी आहे तसे ठेवले जाईल. चर अडवण्यापूर्वीची मोजणी दोन्हीकडे झालेली आहे, आणि तिच्याशिवाय पुढची सगळी मोजणी निरर्थक ठरली असती.

पुण्यातील ज्या सहकाऱ्यांसाठी या नोंदी मराठीत ठेवत आहे, त्यांच्याकडून पहिला प्रश्न येतो तो पावसाचा. येथून जवळच्या मूर हाउस या संशोधन क्षेत्रात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून कितीतरी अधिक पडतो, तरी तेथे असा थर साचत नाही, कारण तो पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने उष्ण, कोरड्या जमिनीत पालापाचोळा झपाट्याने कुजतो. येथे पाऊस बारा महिने विभागून पडतो, उन्हाळाही गारच असतो, आणि जमीन वर्षभर ओली राहिल्याने मुळांपर्यंत प्राणवायू पोचत नाही. थर साचण्यासाठी पाऊस किती पडला यापेक्षा जमीन कधीच सुकली नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

५ नोव्हेंबर २०२४

आज खोलीच्या मोजणीबरोबर रशियन पद्धतीच्या गिरमिटाने थराचे नमुने काढले. हे गिरमिट बंद अवस्थेत खाली ढकलायचे आणि इच्छित खोलीवर अर्धा फेरा फिरवायचे, म्हणजे त्याच्या अर्धगोल पोकळीत अर्ध्या मीटरचा अबाधित तुकडा अडकून वर येतो. वरच्या तुकड्यात स्फॅग्नम शेवाळाची पाने अजून ओळखू येत होती; सर्वांत खालच्या तुकड्यात बर्च झाडाच्या सालीचे चंदेरी कपचे होते, म्हणजे थर साचू लागण्यापूर्वी येथे झाडे उभी होती.

प्रत्येक तुकड्यातील चिमूटभर पीट मुठीत घट्ट पिळून त्याची कुजण्याची इयत्ता ठरवली. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिलेली ही १ ते १० अशी श्रेणी आजही वापरात आहे. बोटांमधून स्वच्छ पाणी आले आणि मुठीत तंतू जसेच्या तसे उरले तर इयत्ता खालची; पाणी गढूळ तपकिरी आले तर मधली; आणि पिळल्यावर सगळाच लगदा लोण्यासारखा बोटांमधून निसटून मुठीत काहीच उरले नाही तर इयत्ता १०. चरांच्या काठालगतचा वरचा थर त्याच खोलीच्या आतल्या थरापेक्षा दोन-तीन इयत्ता पुढे गेलेला आढळला. ज्या भागात हवा शिरली तेथे कुजणे पुढे सरकले आहे, हे कोणत्याही उपकरणाशिवाय हाताला कळते.

साठ्याचा अंदाज असा: सुक्या पीटची घनता साधारण घनमीटरला १०० किलो आणि त्यातील निम्मे वजन कार्बनचे धरले, तर एक मीटर जाडीच्या थरात हेक्टरी सुमारे ५०० टन कार्बन असतो. या हिशेबाने वर्षाला हेक्टरी एक टन कार्बन गेला, तर थर केवळ दोन मिलिमीटरने कमी होतो. शाबूत दलदलीत साचण्याचा वेग वर्षाला एखाद्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. दोन्ही बाबी डोळ्यांना दिसणाऱ्या नाहीत, आणि म्हणूनच येथे हवेतील कार्बनची ये-जा मोजणारे मनोरे उभारावे लागतात.

१८ डिसेंबर २०२४

दोन्ही पाणलोटांत एडी कोव्हेरियन्स पद्धतीचे मनोरे आहेत. ध्वनिलहरींवर चालणारा वाऱ्यामापक सेकंदाला २० वेळा वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी मोजतो, आणि त्याच लयीत वायू-विश्लेषक हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नोंदवतो. वर जाणाऱ्या भोवऱ्यांमध्ये वायू अधिक आहे की खाली येणाऱ्या, यावरून माळ कार्बन सोडतो आहे की घेतो आहे हे कळते. अर्ध्या तासात ३६,००० नोंदी होतात आणि त्यांतून एक आकडा तयार होतो. वर्षात असे १७,५२० आकडे मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्यांतील मोठा हिस्सा कधीच हाती लागत नाही.

काल रात्री गोठणाऱ्या धुक्याने वाऱ्यामापकाच्या सहाही टोकांवर बर्फाची साय धरली आणि सकाळपर्यंत नोंदी बंद राहिल्या. ही अडचण उघड असते, त्यामुळे फसवत नाही. फसवते ती दुसरी अडचण. उघड्या मार्गाचा विश्लेषक थंडीत स्वतःच्या विजेने किंचित तापतो, त्याच्या आतल्या मार्गातील हवा विरळ होते, आणि आकड्यांत असे दिसते की ऐन डिसेंबरात, अर्धमेल्या हेदरच्या झुडपांनी झाकलेला माळ कार्बन शोषून घेत आहे. ही चूक रोजची अगदी लहान असते, पण तिचा कल एकाच बाजूला असल्याने वर्षाअखेर ती हिशेबाचे चिन्हच बदलू शकते. म्हणून दोन्ही मनोऱ्यांवर आता नळीतून हवा ओढणारे विश्लेषक बसवले आहेत. त्यांना वीज जास्त लागते, आणि या अक्षांशावर डिसेंबरात सौर पट्ट्यांकडून विशेष आशा ठेवता येत नाही. बॅटऱ्या पाठीवर वाहून आणाव्या लागतात. हा त्रास सोसण्याजोगा आहे.

२७ जानेवारी २०२५

२४ तारखेच्या एओविन वादळात तुलनेच्या पाणलोटातील मनोऱ्याची एक ताणतार निसटली. मनोरा वाचला, पण वाऱ्यामापक कलला, आणि पातळी पुन्हा जुळवेपर्यंतचे सगळे तास बाद करावे लागले. चर अडवणारी यंत्रेही थांबली होती. ती आज पुन्हा सुरू झाली.

बांध घालण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. रुंद पट्ट्यांचे, जमिनीवर कमी दाब देणारे खोदयंत्र चराच्या तळाजवळून ओले, न सुकलेले पीट काढते, चरात आडवे ठासते आणि त्यावर उपटून बाजूला ठेवलेली गवताची ढेप पुन्हा लावते. सुके पीट चालत नाही, कारण एकदा पुरते सुकलेले पीट पुन्हा पाणी धरत नाही आणि बांध गळतो. उतार जास्त असेल तेथे बांध जवळ-जवळ घालतात, म्हणजे खालच्या बांधाचे पाणी वरच्या बांधाच्या पायथ्यापर्यंत मागे पसरते. चर पाण्याने भरून तळे करणे हा उद्देश नाही. दोन चरांमधील सगळ्या जमिनीची पाणीपातळी वर यावी यासाठी हे चालले आहे.

१० मार्च २०२५

बांधांचे काम पूर्ण झाले. टिटवीच्या कुळातील सोनेरी प्लव्हर आणि लांब, खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू हे पक्षी आता घरट्यांसाठी माळावर येऊ लागले आहेत, आणि ते जमिनीवरच अंडी घालत असल्याने जुलै संपेपर्यंत यंत्रांना येथे प्रवेश नाही. आम्हीही लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालतो. ही शिस्त केवळ पक्ष्यांसाठी नाही: ओल्या पीटवर पाऊल पडले की थर दबतो आणि त्यात अडकलेले मिथेनचे बुडबुडे बाहेर पडतात, आणि शेजारच्या वायू मोजणाऱ्या पेटीत ते माळाचे उत्सर्जन म्हणून नोंदले जातात.

पाणीपातळीच्या नळ्यांची पाहणी केली. या भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या साध्या नळ्या असून त्यांच्या तळाशी दाबमापक असतो. हवेचा दाब वेगळा मोजून वजा केला की वरच्या पाण्याची उंची मिळते. बांध घातलेल्या बाजूस पाणी आता जमिनीलगत आहे. या एका आकड्यावर माझी सर्वांत जास्त भिस्त आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील मनोऱ्यांच्या मोजमापांवरून २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, खोलवर सुकवलेल्या पीटभूमीत पाण्याची सरासरी पातळी दर १० सेंटीमीटर वर आणली, तर हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवणारा परिणाम टळतो, आणि हा फायदा पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटीमीटरपर्यंत येईतो टिकतो. त्याच्याही वर पाणी आले की मिथेनचा, म्हणजे ओल्या थरात तयार होणाऱ्या अधिक तापवणाऱ्या वायूचा, प्रश्न सुरू होतो, आणि आमचे पाणलोट नेमके त्या पट्ट्यात आहे.

८ एप्रिल २०२५

पेट्यांच्या मोजणीचा हंगाम सुरू झाला. जमिनीत कायमचे रोवलेले कडे, त्यावर घट्ट बसणारी पारदर्शक पेटी, आत हवा ढवळणारा लहान पंखा आणि पेटीतून विश्लेषकाकडे जाऊन परत येणारी नळी, एवढीच मांडणी. पेटी काही मिनिटेच लावतात. उन्हात आतली हवा लगेच तापते, म्हणून पंख्यासमोर बर्फाची पिशवी टांगतो. नाहीतर आपण माळाऐवजी आपल्याच पेटीचे तापमान मोजत राहतो. आधी पूर्ण प्रकाशात, मग जाळीदार कापडाचे एक-एक आवरण चढवत कमी प्रकाशात, आणि शेवटी काळ्या आवरणाखाली पूर्ण अंधारात मोजणी होते. अंधारातील आकडा केवळ श्वसनाचा असतो. प्रकाशातील आकड्याशी त्याचा फरक म्हणजे प्रकाशसंश्लेषण.

मनोरा सगळ्या माळाचा एकत्रित आकडा देतो. पेटीमुळे कोणत्या वनस्पतीखाली काय चालले आहे ते कळते. कापसासारखे पांढरे तुरे येणारे कॉटनग्रास आपल्या मुळांना प्राणवायू पोचवण्यासाठी खोडात पोकळ नळ्या राखते, आणि त्याच वाटेने खोल थरातील मिथेन वर निसटतो. स्फॅग्नम शेवाळात याच्या उलट घडते: त्याच्या पेशींत आणि पृष्ठभागावर राहणारे जिवाणू वर येणाऱ्या मिथेनचा काही भाग वाटेतच खाऊन टाकतात. बांध घातलेल्या जागी पहिली काही वर्षे कॉटनग्रास जोरात वाढते आणि शेवाळ सावकाश येते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत मिथेन वाढलेला दिसला तर प्रकल्प फसला असे समजण्याचे कारण नाही. पण तो वाढलेला आकडा अहवालात ठळकपणे लिहिलाच पाहिजे.

२ जून २०२५

यंदाचा वसंत ब्रिटनमध्ये नोंदींच्या इतिहासातील सर्वांत उबदार आणि सर्वांत स्वच्छ उन्हाचा ठरला, आणि इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा. मे महिन्याच्या उत्तरार्धात वायव्य इंग्लंडमध्ये अधिकृत दुष्काळ जाहीर झाला. तुलनेच्या पाणलोटात चरांच्या काठाने पीटला भेगा पडल्या आहेत. बांधांच्या बाजूसही पातळी उतरली, पण बरीच उशिरा आणि कमी.

या दिवसांतील रात्रींनी मोठा पेच उभा केला आहे. निरभ्र आकाशामुळे जमीन लवकर थंड होते, वारा पडतो, आणि जमिनीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मनोऱ्यापर्यंत वर न येता थंड हवेबरोबर उताराने खाली ओघळून जातो. मनोऱ्याला तो दिसत नाही. जगभरची रीत अशी की वाऱ्याची घुसळण ठरावीक मर्यादेखाली गेली की ते अर्धे तास टाकून द्यायचे आणि वाऱ्याच्या रात्रींतून तापमान व श्वसन यांचा संबंध काढून त्यांची जागा भरायची. ही रीत मान्य आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: वाऱ्याच्या रात्री आणि शांत रात्री यांच्यात माळ सारखाच वागतो. दुष्काळात तसे नसते. वाऱ्याच्या रात्री बहुधा पावसाळी असतात, शांत रात्री कोरड्या. आणि कोरड्या रात्री पाणीपातळी खाली गेलेली असल्याने श्वसन अधिक असण्याची शक्यता असते. म्हणजे हरवलेले तास कसेही विखुरलेले नाहीत. माळ सर्वाधिक कार्बन सोडत असतो नेमके तेच तास हातून जातात. म्हणून या वेळी भरणीच्या समीकरणात तापमानाबरोबर पाणीपातळीही घेतली आहे, आणि शांत रात्रींसाठी आपोआप उघडझाप करणाऱ्या पेट्या मनोऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूस मांडल्या आहेत.

या मुद्द्यावर मी आग्रही आहे. भरलेला आकडा हा मोजलेला आकडा नव्हे, आणि तक्त्यात दोघांना एकाच रंगात छापण्याची सवय आमच्या क्षेत्राने सोडली पाहिजे.

२१ जुलै २०२५

दुष्काळानंतरच्या पहिल्या जोरदार पावसाने ओढे गडद चहाच्या रंगाचे झाले. हा रंग विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा. तो हवेत न जाता पाण्यावाटे माळ सोडतो, आणि कोणत्याही मनोऱ्याला सापडत नाही. नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, थंड पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवले. गाळणीवर उरलेला गाळ पीटच्या कणांसाठी वेगळा तोलला जाईल. पूर येताच आपोआप बाटल्या भरणारे यंत्र दोन्ही ओढ्यांवर आहे, कारण आठवड्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात असा पूर बहुधा सापडतच नाही, आणि वर्षभरात वाहून जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग अशाच मोजक्या पुरांतून जातो.

ओढ्यांमधील हा रंग ब्रिटनच्या उंच भागांत गेल्या काही दशकांत वाढत गेला आहे. पूर्वी त्याचे कारण तापमानवाढीतही शोधले जाई; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की, आम्लपर्जन्य कमी झाल्याने मातीतील सेंद्रिय द्रव्य पुन्हा अधिक विरघळू लागले, हे त्याचे मुख्य कारण आहे. हवा स्वच्छ झाल्याचा हा परिणाम बांधांच्या परिणामात मिसळू नये, म्हणूनही तुलनेचे पाणलोट हवे.

दुष्काळाचा परिणाम पाणी परत आल्यावर लगेच संपत नाही. प्राणवायूविना फिनॉल तोडणारे विकर (एन्झाइम) निष्क्रिय राहते, साचलेले फिनॉल इतर विकरांनाही रोखून धरते, आणि सगळे कुजणेच अडून राहते. हवा शिरली की ही कडी निघते आणि पातळी पूर्ववत झाली तरी काही काळ निघालेलीच राहते. म्हणून दुष्काळी वर्षानंतरच्या वर्षाची मोजणी रद्द करून पैसे वाचवण्याचा जो विचार एका निधीदात्याकडून आला होता, त्याला आम्ही लेखी विरोध केला आहे.

११ ऑगस्ट २०२५

मिथेनचे बुडबुडे हवेचा दाब उतरताना अधिक सुटतात. दाब उतरतो वादळाआधी आणि वादळात, म्हणजे उपकरणे भिजून किंवा डळमळून नोंदी बाद होण्याची वेळही तीच. पाण्याखाली उलट्या टांगलेल्या नरसाळ्यांमध्ये हे बुडबुडे साठतात आणि त्यांना वीज लागत नाही. गेल्या आठवड्यातील वादळी पावसानंतर बांधांमागच्या डबक्यांतील नरसाळी भरलेली सापडली. चरांच्या उघड्या पाण्याचा हा हिस्सा क्षेत्रफळाने थोडा आहे, पण तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रमाण लक्षात यावे म्हणून एक हिशेब येथे लिहून ठेवतो. चौरस मीटरमागे वर्षाला १० ग्रॅम मिथेन म्हणजे हेक्टरी १०० किलो. शंभर वर्षांतील तापवण्याच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, तर हेक्टरी २.८ टन होतात. चांगली, शाबूत दलदल वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषते, त्याच्या तोडीचा हा आकडा आहे. तरीही बांध घालू नयेत असा याचा अर्थ मी काढत नाही. मिथेन हवेत साधारण दहा-बारा वर्षे टिकतो, तर सुकलेल्या थरातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो, आणि थर एकदा गेला की तो परत साचायला हजारो वर्षे लागतात. मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहत चर उघडे ठेवणे हा पर्याय नाही.

३ ऑक्टोबर २०२५

३० सप्टेंबरपासून इंग्लंडच्या उंच भागांत हेदर जाळण्यावरील निर्बंध अधिक कडक झाले: पूर्वी ४० सेंटीमीटरहून खोल पीटला लागू असलेली मर्यादा आता ३० सेंटीमीटरवर आली आहे. शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदर आळीपाळीने जाळण्याची येथील रीत जुनी आहे, आणि तिच्या परिणामांवर संशोधकांमध्येही तीव्र मतभेद आहेत. मूर हाउसमधील हार्ड हिल येथे १९५४ पासून हाच प्रयोग चालू आहे. काही पट्टे दर १० वर्षांनी जाळतात, काही २० वर्षांनी, काही अजिबात नाही. सत्तर वर्षांनंतरही त्या पट्ट्यांतून नवे प्रश्न निघतात. आमच्यासारख्या पाच वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पाने आपल्या निष्कर्षांची भाषा किती जपून ठेवावी, हे तेथे एकदा जाऊन आल्यावर कळते.

१७ नोव्हेंबर २०२५

वर्षाचा ताळेबंद मांडायला घेतला आहे. भारतातून विचारणा झाली होती की असे मापन नीलगिरीत करता येईल का. तेथील सँडिनाल्लाच्या दलदलीतील पीटवरून २०,००० वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास काढल्याचे संशोधन १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, तेव्हा थराचे वय आणि मोल यांबद्दल शंका नाही. पण तेथील पीट दऱ्यांच्या तळाशी लहान-लहान तुकड्यांत आहे, आणि मनोऱ्याला वाऱ्याच्या दिशेने काही शे मीटर एकसारखी जमीन लागते. तेथे पेट्या, नळ्या आणि ओढ्याचे नमुने यांपासून सुरुवात करावी, असे उत्तर पाठवले आहे.

आमच्या ताळेबंदात मनोऱ्याचा कार्बन डायऑक्साइड, मिथेन, विरघळलेला कार्बन, कण आणि ओढ्यातून हवेत परत सुटणारा वायू अशा पाच ओळी आहेत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहीत आहे: आकडा, त्याची किमान-कमाल मर्यादा, आणि त्यातील प्रत्यक्ष मोजलेल्या तासांचा वाटा. तिसऱ्या रकान्यावर प्रकल्पात वाद झाला, कारण वाचणारे अधिकारी तो पाहून सगळ्याच आकड्यांवर अविश्वास दाखवतील अशी काही सहकाऱ्यांना भीती आहे. माझे मत वेगळे आहे. एडिंबराजवळच्या ऑकेनकॉर्थ मॉस येथे २००२ पासूनच्या अकरा वर्षांत माळाने चौरस मीटरमागे वर्षाला सरासरी सुमारे ६४ ग्रॅम कार्बन शोषला, पण एखाद्या वर्षी तो ५ ग्रॅम होता आणि एखाद्या वर्षी १३६, आणि आधीचा हिवाळा किती थंड होता याचा त्यात मोठा हात होता. तेथे कुणी एकच वर्ष मोजून थांबला असता, तर त्याने ठामपणे काहीही सांगितले असते. आमचे हे वर्ष दुष्काळाचे आहे. बांधांच्या बाजूने कार्बनची हानी कमी झाली एवढे म्हणण्याइतका दोन पाणलोटांतील फरक स्पष्ट आहे, पण किती कमी, याची मर्यादा अजून इतकी रुंद आहे की तिच्यावर कार्बनचे श्रेयांक (कार्बन क्रेडिट) विकायला मी संमती देणार नाही.

तिसरा रकाना अहवालात राहील असे ठरले आहे. पुढच्या आठवड्यात बर्फ पडण्यापूर्वी वाऱ्यामापकांना तापवणाऱ्या तारा बसवायच्या आहेत, आणि शांत रात्रींच्या पेट्या हिवाळाभर चालू ठेवण्यासाठी जास्तीच्या बॅटऱ्यांची मागणी आज नोंदवली आहे.